पांढऱ्या घोडीचे काळे शिंगरू

१९४३ च्या आषाढात माझ्या मावशीच्या पांढऱ्या घोडीला काळे शिंगरू झाले. शिंगरू नर होते, अंगाने धड होते, आणि उजाडेपर्यंत आपल्या पायांवर उभे राहून आईला लुचत होते. तरी घरात कोणी गूळ वाटला नाही.

कारण आदल्या वर्षीचा नवस. मावशीचा एकुलता एक मुलगा पायदळात भरती होऊन परदेशी लढाईवर गेला, तेव्हा ती गावच्या खंडोबासमोर उभी राहिली आणि चार बायकांच्या देखत म्हणाली, "पोरगं धड परत आलं, तर घरच्या घोडीचं पांढरं शिंगरू देवाला सोडीन. तवर पायात वहाण घालणार न्हाई." घोडी तेव्हा नुकतीच परगावच्या एका घोड्याकडे नेऊन फळवून आणलेली होती. मावशी देवळातून निघाली ती वहाणा पायरीशीच ठेवून.

गाव कृष्णेच्या काठी, कराडहून सांगलीकडे जाताना लागे. त्या देवळाची एक रीत होती. चैत्राच्या जत्रेत पालखीच्या पुढे एक पांढरा घोडा चाले. त्याच्यावर कोणी बसत नसे. तो पैसे देऊन आणायचा नाही, गावातल्याच कोणाच्या तरी घोडीच्या पोटचा असला पाहिजे, असा नेम होता. आधीचा घोडा म्हातारा होऊन मेला होता. नवा कोणी दिला नव्हता. त्यामुळे काही वर्षे पालखीपुढे गुरव नुसता लगाम हातात धरून चालत असे. लगामाच्या जागी घोडा यावा ही गावाची इच्छा होती. मावशीच्या नवसात ती मिसळली, आणि तो नवस तिच्या एकटीचा राहिला नाही.

मी तेव्हा साताऱ्यात एका साप्ताहिकात काम करत होतो. लढाईच्या दिवसांत कागद जेमतेम मिळे. अंक चार पानांवर आला होता आणि काम मात्र कमी झाले नव्हते. सुटी मिळाली की मी मावशीकडे जात असे. शिंगरू झाल्यावर पहिल्यांदा गेलो तेव्हा काका, म्हणजे मावशीचे यजमान, गोठ्याच्या दाराशी बसले होते. शेजारचे एक शेतकरी शिंगराकडे बघत उभे होते.

"कसलं हाय हे? घोडीनं रातीचं तोंड दावलं की रं तुला," शेजारी म्हणाले.

"दावू दे. वासरागत उजळंल," काका म्हणाले.

"आन न्हाई उजळलं तर?"

"तर तुझ्या दारात आणून बांधीन. तुझ्या रंगाला जुळंल."

दोघे हसले. मावशी आतून बाहेर आली नाही.

वासरागत उजळेल, हे काका उगाच म्हणाले नव्हते. त्या भागात सगळ्यांकडे खिलार जनावरे. खिलारी गाईचे वासरू जन्मते तेव्हा त्याच्या टाळूवर विटकरी रंग असतो. दोन-तीन महिन्यांत तो आपोआप जातो आणि वासरू आईसारखे पांढरे होते. हे तिथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले. घोडी मात्र गावात फार थोड्या होत्या. काकांची घोडी वाईच्या एका घराने आपली पागा मोडली तेव्हा तिथून आणलेली. आली तेव्हाच ती पुरी वाढलेली आणि पांढरी होती. तिचे शिंगरूपण गावात कोणी पाहिलेले नव्हते.

म्हणून काकांनी वासराच्या हिशेबाने वाट पाहिली. दसरा गेला, शिंगरू काळेच. दिवाळी गेली. जन्माचे मऊ केस झडले आणि खालून आलेले नवे केस आधीपेक्षा गडद निघाले. मार्गशीर्षात एक बदल दिसला. दोन्ही डोळ्यांभोवती पांढऱ्या केसांचे बारीक कडे उमटले, चश्मा लावल्यासारखे. बैल घेताना भोवरे, ठिपके, शेपटीचा गोंडा बघणाऱ्या माणसांनी त्या कड्यांकडे बघून माना हलवल्या. डोळ्याभोवती पांढरे म्हणजे खोड, असे ठरले. कोणी म्हणाले, असले जनावर दारात ठेवू नये. मुलगा लढाईवर असलेल्या घरात हे वाक्य कोणाला पुन्हा ऐकायचे नव्हते.

त्या वर्षी काका पुसेगावच्या जत्रेला बैल बघायला गेले आणि शिंगरू बरोबर घेऊन गेले. मिरजेच्या एका टांगेवाल्याने ते घेतले. ओळखीची खूण एकच होती. लहानपणी कुत्र्याने धरल्यामुळे डाव्या कानाचे टोक तुटलेले होते. घोडी त्यानंतर काही दिवस दाव्याला हिसके देत होती, असे मावशीने मला सांगितले. शिंगराबद्दल ती एवढेच बोलली.

मुलाची पत्रे येत, मग महिनोन्‌महिने येत नसत. एकदा त्याच्या तुकडीतल्या दुसऱ्या गावच्या मुलाच्या घरी तार आली. मावशी तिथे चालत जाऊन आली. उन्हाळ्यात ती सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा बाहेर पडे, मधल्या वेळात जमीन पाय ठेवू देत नसे. टाचांच्या भेगांत ती मेण भरे. मी एकदा म्हणालो की घरात तरी काही घाल. ती म्हणाली, "देव काय घरात येत न्हाई व्हय?"

घोडी पुन्हा त्याच घोड्याकडे नेली. शेजारच्या संस्थानच्या पागेतला तो तांबडा घोडा होता, आयाळीपासून खुरांपर्यंत एका रंगाचा. १९४५ च्या पावसाळ्यात दुसरे शिंगरू झाले. तेही नर. तेही पांढरे नव्हते. ते बापासारखे तांबडे होते. या वेळी काकांनी कोणाला उत्तरे दिली नाहीत. वाटही पाहिली नाही. ते शिंगरू विकलेही नाही, ते गोठ्यात राहिले.

१९४६ च्या होळीच्या सुमारास मावशीचा मुलगा परत आला. धड आला. खांद्यावर एक व्रण होता, पण हात वर जात होता. स्टेशनवरून गावापर्यंत माणसे त्याच्याबरोबर चालत आली. देवळाशी आल्यावर गुरवाने हातातला मोकळा लगाम त्याला दाखवला आणि परत खुंटीला लावला.

नवस आता देणे झाला होता आणि द्यायला घोडा नव्हता.

त्या पावसाळ्यात मावशीच्या उजव्या पायाला अंगठ्याजवळ जखम झाली. काटा असावा. ती भरेना. दिवाळीनंतर माझा मावसभाऊ साताऱ्याला आला. छापखान्याच्या पायरीवर आम्ही चहा घेतला.

"दादा, आयेचा पाय बघवत न्हाई," तो म्हणाला. "कुठनं तरी पांढरं शिंगरू आणतो म्हटलं. रातीतनं गोठ्यात बांधू, म्हणू घोडीला झालं."

"आणि तिला कळणार नाही?"

"घोडीचं पोट तिच्या हाताखालचं हाय. कळंल." त्याने उरलेला चहा संपवला. "तू शिकलेला हाईस. कुणाला तरी इचार ना, या घोडीला पांढरं शिंगरू कसं हुईल?"

साताऱ्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी माझी ओळख होती. लाळ-खुरकुताच्या साथीच्या बातमीसाठी मी त्यांच्याकडे जात असे. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे गेलो. डॉक्टर एका म्हशीच्या खुराला पट्टी बांधत होते. आमचे बोलणे त्यांनी काम न थांबवता ऐकले.

"घोडीचं नाक काळं आहे की गुलाबी?" त्यांनी विचारले.

"काळं," भाऊ म्हणाला.

"डोळ्यांच्या कडा? शेपटीखालची कातडी?"

"सगळं काळंच."

"मग ती जन्मली तेव्हा पांढरी नव्हती."

भावाने माझ्याकडे पाहिले. डॉक्टरांनी पट्टीची गाठ मारली आणि हात धुतले. पुढचे त्यांनी टेबलाशी बसून सांगितले. ते मी त्या वेळी जसे समजलो तसे लिहितो.

जन्मतःच पांढरा असणारा घोडा वेगळा. त्याची कातडी गुलाबी असते, तो क्वचित सापडतो. काळ्या कातडीचा पांढरा घोडा हा मुळात पांढरा नसतोच. तो काळा, तांबडा किंवा कुमाईत, म्हणजे काळ्या आयाळीचा तांबूस, असा जन्मतो आणि वर्षामागून वर्ष केसांतला रंग गमावत जातो. त्याला सब्जा म्हणतात. पुरता पांढरा व्हायला सहा-सात वर्षे, कधी त्याहून जास्त लागतात. हे कुठून येते, तर आईबापांकडून. प्रत्येक रंगाबद्दल शिंगराला एक हुकूम आईकडून मिळतो आणि एक बापाकडून. या हुकमांना शास्त्रात जीन म्हणतात. सब्जा होण्याचा हुकूम दोघांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. तांबडेपणाचे तसे नाही, तो दोघांकडून यावा लागतो.

"म्हणजे तुमच्या तांबड्या शिंगराला एक तांबडेपणा बापाकडून आला आणि एक आईकडून," डॉक्टर म्हणाले. "आई दिसते पांढरी, पण त्या पांढऱ्याखाली तांबड्याचा एक हुकूम तिने सांभाळून ठेवला आहे. नुसतं बघून ते कळत नाही, पोरांवरून कळतं."

"आन पांढरं व्हायचा हुकूम?" भावाने विचारले.

"तोही तिच्याकडे एकच असणार. दोन असते, तर तिचं प्रत्येक शिंगरू पुढे पांढरं झालं असतं. एकच आहे, त्यामुळे कधी देते, कधी देत नाही. नाणं उडवल्यासारखं. दिला असेल, तर पांढरं आधी डोळ्यांभोवती दिसतं. तांबड्याच्या डोळ्यांभोवती पांढरे केस दिसतात का?"

"न्हाई. एक बी न्हाई."

"वर्ष उलटून गेलं ना? मग तो तांबडाच राहणार."

"पहिल्याला हुते," भाऊ म्हणाला. त्याने स्वतःच्या डोळ्याभोवती बोट फिरवले. "असे. चश्म्यागत. वडलांनी पत्रात लिहिलं हुतं, खोड हाय म्हणून."

डॉक्टरांनी विचारले, ते शिंगरू कुठे आहे. विकले, असे मी सांगितले. त्यांनी विचारले, का. भाऊ म्हणाला, "डोळ्याभवतीनं पांढरं आलं म्हणून."

डॉक्टर उठले. पुढची म्हैस आत आणली गेली.

परत जाताना भाऊ एका खाजगी सर्व्हिस मोटारीच्या टपावर बसून गेला, आत जागा नव्हती. घरी त्याने काय सांगितले ते मी ऐकलेले नाही. काका दोन दिवस शेतातून घरी जेवायला आले नाहीत, एवढे नंतर कळले.

१९४७ च्या सुरुवातीला काका आणि भाऊ मावशीला पायासाठी मिरजेला घेऊन गेले. मीही गेलो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लघवी तपासली, साखर आहे म्हणून सांगितले, जखम धुतली आणि म्हणाले की हा पाय आता जमिनीला टेकता कामा नये, चालायचेच असेल तर जाड वहाण घालून. मावशीने मान डोलावली. दाराबाहेर आल्यावर तिने तोच पाय आधी टाकला.

मग विकलेले शिंगरू शोधायला आम्ही स्टेशनाकडे गेलो. तिथे टांगे उभे असत. काकांना शोधावे लागले नाही, घोड्याचा तुटका कान रस्त्यावरूनच दिसला. घोडा चार वर्षांचा होत आला होता. तोंड जवळजवळ पांढरे, अंगावर राखाडी गोल गोल ठिपके, पाय गुडघ्यांपासून खाली काळे. टांगेवाला चाकाला तेल घालत होता. चार माणसे आपल्या घोड्याभोवती उभी राहिलेली पाहून तो उठला.

"काय मावशी, टांगा पायजे का घोडं?"

"हे कुठनं घेतलंस?" काकांनी विचारले.

"पुसेगावला. एका शेतकऱ्यानं इकलं. काळं बघून कटाळला हुता." मग त्याने काकांकडे नीट पाहिले. "आवं, तुमीच की!"

काका म्हणाले, "व्हय. मीच."

"मग आता का आलाय? आता न्हाई देणार बरं का. दरसाल उजळतंय. लगीनसराईत वरातीला नेत्यात याला, नवरदेवापक्षा लोक घोड्याकडंच बघत्यात."

भावाने त्याला सगळे सांगितले. नवस, आईचा पाय, घरी असलेला तांबडा. तांबडा घे, हा दे, असे म्हणाला. टांगेवाल्याने तंबाखू मळली. तांबडा किती वर्षांचा, टांग्याला धरलाय का, हे विचारले. दोन वर्षेही झाली नाहीत, टांगा त्याने पाहिलेला नाही, हे कळल्यावर तो म्हणाला, "शिंगराला जुंपून मी काय खाऊ? गाडीला तयार करून आणा, मग बघू."

"शब्द?" भावाने विचारले.

"खंडोबाचं काम हाय. शब्द."

इतका वेळ मावशी घोड्याजवळ उभी होती. तिने त्याच्या तुटक्या कानाला हात लावला, मग मानेवरून, मग खाली वाकून गुडघ्यावरून. तळहात उलटा करून बघितला, रंग लागला की काय ते.

काका हलक्या आवाजात म्हणाले, "तयार हुईल तवा हुईल. घोडं आपलं हाय, सापडलं हाय. नवस पोचला म्हण आन वहाण घाल. गुरव बी म्हणाला, देवाला चालंल."

"देवाला चालंल," मावशी म्हणाली. "मी पांढरं म्हणाले हुते. हे अजून राखेगत हाय."

"आगं पाय जाईल तुझा!"

"घोड्यापाशी वरडू नगा. बिचकतंय."

आम्ही त्याच टांग्यातून परत दवाखान्यात औषध घ्यायला गेलो. टांगेवाल्याने तिला पुढे आपल्या शेजारी बसवले.

पुढचे दीड वर्ष भावाने तांबड्याला तयार करण्यात घालवले. आधी लगाम, मग मागे बांधलेला लाकडाचा ओंडका, मग मोडक्या छकड्याचे दांडे. सैन्यात तो पायदळात होता, घोड्याचे काम त्याला येत नव्हते. एकदा लाथेने त्याच्या मांडीला काळा डाग पडला. शेजारचे शेतकरी बांधावरून विचारत, "जर्मन बरा हुता का ह्यो?" तो म्हणे, "जर्मन लाथा मारत नव्हता." मी गावी जाई तेव्हा तो बहुतेक वेळा नदीकाठच्या वाटेवर तांबड्याच्या मागे चालताना दिसे. दोघेही दमलेले असत.

मधल्या काळात देश स्वतंत्र झाला. आमचा अंक पुन्हा आठ पानांचा झाला. संस्थाने गेली, ज्या पागेत तांबड्याचा बाप होता ती मोडली. तो घोडा कुठे गेला याची खात्रीलायक माहिती मिळाली नाही. पांढरी घोडी म्हातारी झाली होती, तिला पुन्हा फळवले नाही.

मावशी चिंध्या गुंडाळून चाले. चिंधी म्हणजे वहाण नव्हे, असे तिने स्वतःच ठरवले होते, आणि ते तिच्याशी वाद न घालता सगळ्यांनी मान्य केले. १९४८ च्या पावसाळ्यात जखम काळी पडली. तिला मिरजेला नेले तेव्हा स्टेशनवरून दवाखान्यापर्यंत तोच टांगा होता. उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट काढावे लागले. मी पोचलो तेव्हा ती शुद्धीवर आली होती. तिने विचारले, "गुडघं पांढरं झालं का त्याचं?"

मी स्टेशनवर जाऊन घोडा बघून आलो. ठिपके गेले होते. गुडघे करडे होते. तसे तिला सांगितले.

"हुईल," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दिवाळीनंतर भाऊ तांबड्याला गाडी जोडून स्वतः हाकत मिरजेला घेऊन गेला. टांगेवाल्याने त्याला स्टेशन ते बाजार असे दोन दिवस चालवून पाहिले आणि चालेल म्हणाला. सब्जा मात्र लगीनसराई संपेपर्यंत ठेवीन म्हणाला. भावाने चैत्राच्या आधी पाहिजे असे सांगितले. बराच वेळ बोलणे झाले. शेवटी माघातल्या वराती करून घोडा सोडायचे ठरले, आणि टांगेवाला ठरल्याप्रमाणे वागला. फाल्गुनात तो स्वतः घोडा गावापर्यंत आणून पोचवून गेला. दारात मावशी पाट टाकून बसली होती. म्हातारी घोडी गोठ्यात होती. तिने त्याला ओळखल्याचे काही दिसले नाही.

मावशीने घोडा उन्हात उभा करायला सांगितला. पुढून पाहिला, मागून पाहिला. तोंड, मान, पाठ, पोट पांढरे होते. शेपटीत काही करडे केस होते. गुडघ्यांवर फिकट धुरकट सावली उरली होती.

काका म्हणाले, "अजून थांबायचं?"

मावशी घोड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "न्हाई. लय दमले."

१९४९ च्या चैत्रात जत्रेच्या दिवशी घोडा देवाला सोडला. गुरवाने खुंटीवरचा लगाम काढून त्याला चढवला. पालखी उठली तेव्हा भंडारा उधळला गेला आणि घोडा मानेपासून खुरांपर्यंत पिवळा झाला. गुडघ्यांचा रंग त्यानंतर दिसत नव्हता. मावशी देवळाच्या पायरीपर्यंत काठी टेकत गेली आणि पालखी वळेपर्यंत तिथे उभी राहिली.

संध्याकाळी गावच्या चांभाराने तिच्या वहाणा आणून दिल्या. त्या तिने दारात बसून पायात घातल्या. उजव्या पायाची वहाण पुढून आखूड शिवलेली होती.